इंजिन बांधल्यानंतर आलेली थरथर: पुन्हा उघडण्याआधी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९४ सालची यामाहाची आरएक्स १०० मोटारसायकल आहे. सिलिंडर दुसऱ्या ओव्हरसाइझला, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.५० मिमी मोठा, बोअर केला आहे. पिस्टन, कनेक्टिंग रॉडचे किट, क्रँकची (पिस्टन रॉडमार्फत ज्याला फिरवतो त्या मुख्य शाफ्टची) दोन्ही बेअरिंग आणि ऑइल सील नवीन आहेत. गाडी पहिल्या किकला सुरू होते, आयडलिंग स्थिर आहे, धूरही बेताचा आहे. परंतु चौथ्या गिअरमध्ये ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे गेल्यावर हँडल आणि फूटरेस्ट यांतून हातापायांना झिणझिण्या येतात आणि आरशात मागचे वाहन ओळखता येत नाही. इंजिन उघडण्यापूर्वी असे नव्हते. बांधणाऱ्या मिस्त्रींचे म्हणणे, ‘हजार किलोमीटर चालवा, इंजिन मोकळे झाले की थरथर जाईल.’ चारशे किलोमीटर झाले, फरक पडलेला नाही. इंजिन पुन्हा उघडावे का, आणि उघडल्यास नेमके काय पाहावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर असे, की अजून इंजिन उघडू नका, परंतु हजार किलोमीटरची वाटही पाहू नका. रनिंग-इनमध्ये रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर बसतात, घर्षण कमी होते, कॉम्प्रेशन सुधारते. पिस्टनचे वजन त्याने बदलत नाही आणि वाकडा बसलेला क्रँकही सरळ होत नाही. जी थरथर ठरावीक फेऱ्यांना येते आणि चारशे किलोमीटरांत तसूभरही कमी होत नाही, ती मोकळे न झाल्यामुळे आलेली नाही. उलट क्रँक सेंटरला नसेल, म्हणजे त्याची दोन्ही टोके एका रेषेत फिरत नसतील, तर उरलेल्या सहाशे किलोमीटरांत नवी बेअरिंग आणि सील यांचे आयुष्य खर्ची पडेल.

या इंजिनात थरथर मुळात किती असते, हे आधी लक्षात घेतले पाहिजे, नाहीतर आपण नसलेल्या दोषाच्या मागे लागू. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८५ ते १९९६ या काळात बनवलेल्या या गाडीचे इंजिन ९८ सीसीचे, एकाच सिलिंडरचे, ५० मिमी बोअर आणि ५० मिमी स्ट्रोकचे आहे आणि त्यात बॅलन्सर शाफ्ट (थरथर मारण्यासाठी ठेवलेला जास्तीचा वजनदार शाफ्ट) नाही. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून वर-खाली होणारे वजन साधारण १५० ग्रॅम धरले, तर मिनिटाला ६००० फेऱ्यांवर प्रत्येक टोकाला दिशा बदलताना त्या वजनामुळे सुमारे १५० किलोग्रॅम वजनाइतका जोर निर्माण होतो. हा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ३००० फेऱ्यांवर तो चौथाई, सुमारे ३८ किलो, असतो. आयडलिंगला गाडी शांत वाटते आणि वेग वाढताच थरथरते, यात म्हणून नवल नाही. क्रँकच्या जाळ्यांवर, म्हणजे रॉड जिच्यावर फिरतो ती पिन दोन्हीकडून धरणाऱ्या तबकड्यांवर, पिनच्या विरुद्ध बाजूस जे जास्तीचे वजन ठेवलेले असते, ते या जोराचा साधारण निम्मा भाग उभ्या दिशेतून काढून आडव्या दिशेत वळवते. पूर्ण जोर ते नाहीसा करू शकत नाही, कारण पिस्टन सरळ रेषेत फिरतो आणि वजन वर्तुळात. चांगल्या स्थितीतली आरएक्ससुद्धा वरच्या फेऱ्यांना हाताला थोडी जाणवणारच. तुमच्या तक्रारीतली महत्त्वाची गोष्ट ही, की इंजिन बांधण्यापूर्वी असे नव्हते. म्हणून शोध बदललेल्या गोष्टींचा घ्यायचा आहे, आणि इंजिन खाली उतरवून पुन्हा चढवणे हाही त्यातलाच एक बदल आहे, हे विसरून चालणार नाही.

थरथर इंजिनाची आहे की चाकाची, हे आधी ठरवा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर थरथर येते त्या वेगाला क्लच दाबा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा. गाडी त्याच वेगाने धावत राहील, पण इंजिन आयडलिंगला येईल. थरथर तत्काळ गेली तर दोष इंजिनाकडे आहे. राहिली तर चाके, टायर, साखळी यांच्याकडे पाहा. मग तिसऱ्या गिअरमध्ये हीच थरथर चौथ्यापेक्षा कमी वेगाला, परंतु इंजिनाच्या त्याच सुराला येते का, हे ऐका. या गाडीला टॅकोमीटर नाही, म्हणून कानावर भरवसा ठेवावा लागतो, आणि तो पुरेसा असतो. थरथरीच्या जातीतही फरक कळतो. ताशी ५० किलोमीटरला १८ इंची चाक सेकंदाला साडेसात-आठ वेळा फिरते, तर ५००० फेऱ्यांवरचे इंजिन सेकंदाला त्र्याऐंशी वेळा. चाकाचा दोष हेलकावा म्हणून जाणवतो. बोटांना मुंग्या आणतो तो इंजिनाचा कंप. तुम्ही केलेले वर्णन दुसऱ्या प्रकाराचे आहे.

तिसरी चाचणी मुख्य स्टँडवर, न्यूट्रलमध्ये करा. इंजिन गरम करून हळूहळू फेरे वाढवा आणि तोच सूर आल्यावर पाच-सात सेकंद थांबा. हवेने थंड होणारे इंजिन उभ्या जागी यापेक्षा जास्त वेळ ताणू नये. थरथर इथेही आली तर क्लच दाबून पाहा. क्लच दाबल्यावर गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट थांबतो, परंतु क्लचची बाहेरची टोपली क्रँकबरोबर फिरतच राहते. दाबल्याने फरक पडला नाही तर गिअरबॉक्स निर्दोष ठरतो आणि क्रँक, पिस्टन, मॅग्नेटो (क्रँकच्या डाव्या टोकावरचा वीज बनवणारा भाग), क्लचची टोपली आणि इंजिनाची बांधणी एवढेच संशयित उरतात. मोबाइलवरचे कंप मोजणारे ॲप या कामी वापरू नका, असे मी आग्रहाने सांगेन. बऱ्याच फोनमधला सेन्सर सेकंदाला शंभर-दोनशे नोंदीच घेतो. सेकंदाला ऐंशी-नव्वद वेळा होणारा कंप अशा नोंदींतून भलत्याच संख्येचा दिसू शकतो आणि माणूस भलत्याच भागाच्या मागे लागतो.

आता इंजिन फ्रेमला कसे धरले आहे, ते पाहा. या टप्प्याबद्दल मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. उमेदीच्या काळात एका शंभर सीसीच्या गाडीचे इंजिन मी थरथरीसाठी दोनदा उघडले, क्रँक दोनदा तपासला, आणि शेवटी दोष निघाला तो पुढच्या माउंटिंगच्या पट्टीत. इंजिनाचा कान (ज्यातून बोल्ट जातो तो उंचवटा) आणि फ्रेमची पट्टी यांच्यात मिलिमीटरभर फट होती आणि बोल्ट आवळून ती ओढून बंद केलेली होती. ताणलेली पट्टी ठरावीक फेऱ्यांना तारेसारखी वाजत होती आणि तो कंप सगळ्या फ्रेमला देत होती. मालकाचा वेळ आणि पैसा माझ्यामुळे वाया गेला, त्याची खंत मला आजही आहे.

म्हणून सर्व माउंटिंगचे बोल्ट दोन-दोन आटे सैल करा, सायलेन्सरचे सिलिंडरकडचे आणि मागचे बोल्टही सैल करा, आणि इंजिन हाताने हलवून त्याला आपल्या जागी बसू द्या. प्रत्येक कानाजवळ फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचे माप) घालून फट पाहा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर त्या जाडीचा वॉशर भरा. बोल्टाच्या जोराने पट्टी वाकवू नका. बोल्ट भोकात सैल खेळत असेल, म्हणजे भोक लंबगोल झाले असेल किंवा मूळ बोल्टाऐवजी बारीक बोल्ट घातलेला असेल, तर ते आधी दुरुस्त करा. त्यानंतर इंजिनाचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळा आणि सायलेन्सर सर्वांत शेवटी. सायलेन्सर आधी घट्ट करून मग इंजिन ओढणे ही चूक फार आढळते, आणि तिच्यामुळे सायलेन्सर फूटरेस्टपर्यंत कंप पोहोचवतो. कानाला किंवा फ्रेमच्या पट्टीला बारीक तडा आहे का, हेही पुसून, उजेडात पाहा. तीस वर्षांच्या फ्रेममध्ये वेल्डिंगच्या कडेला तो सापडतो. बहुधा याच टप्प्यावर काही ना काही सुधारणा दिसते. गाडी त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा चालवून पाहा.

थरथर तशीच राहिली, तर मॅग्नेटोकडे या, कारण क्रँकविषयी निकाल देणारी जागा तीच आहे आणि तिथे पोहोचायला इंजिन उतरवावे लागत नाही. डावे कव्हर काढा, स्पार्क प्लग काढा, आणि क्रँक हाताने फिरवत रोटरची, म्हणजे मॅग्नेटोच्या फिरणाऱ्या चाकाची, कड पाहा. कड डोळ्यांना डगमगताना दिसली, तर रोटर टेपरवर (शाफ्टच्या निमुळत्या टोकावर) नीट बसलेला नाही किंवा क्रँकचे टोक वाकडे फिरते आहे. रोटर पुलरने काढा. हातोड्याने काढू नका. टेपरवर घासल्याच्या खुणा, चिरडलेली चावी (रोटरची जागा पक्की करणारा लहान तुकडा) किंवा रंग गेलेली पट्टी असेल, तर रोटर सैल राहिला होता हे निश्चित. एवढे जड चाक टोकाला सैल असेल, तर त्याची थरथर थेट हँडलपर्यंत येते.

आता डायल गेज (मिलिमीटरचे शतांश काट्याने दाखवणारे माप) लावायचे आहे. इंजिनाची केस ॲल्युमिनियमची असते, त्यामुळे गेजचा चुंबकी स्टँड तिला चिकटत नाही, आणि बरेच जण इथेच हा नाद सोडतात. स्टेटर (मॅग्नेटोचा न फिरणारा भाग) काढण्याआधी त्याच्या जागेची खूण ओढून ठेवा, म्हणजे टायमिंग बदलणार नाही. मग स्टेटरच्या स्क्रूच्या भोकांना पाच-सहा मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी बांधा आणि चुंबक त्या पट्टीला चिकटवा. गेजचे टोक टेपरवर नव्हे, तर सीलच्या बाहेर दिसणाऱ्या शाफ्टच्या गोल, गुळगुळीत भागावर काटकोनात टेकवा. क्रँक एका बाजूला हलका दाबून धरून सावकाश पूर्ण फेरा फिरवा आणि काट्याचे किमान व कमाल टोक लिहून घ्या. काटा जो एकूण फरक दाखवतो, त्याच्या निम्मे शाफ्ट मध्यापासून सरकलेला असतो. कारखान्यांच्या मर्यादा मात्र एकूण फरकातच दिलेल्या असतात, म्हणून गफलत करू नका. लहान टू-स्ट्रोक इंजिनासाठी मी ०.०३ मिमीपर्यंतचा फरक स्वीकारतो. ०.०५ मिमीच्या पुढे क्रँक बाहेर काढतो. ०.१० मिमी आढळले, तर तुमच्या थरथरीचे मुख्य कारण सापडले असे समजा. उजवीकडे क्लचचे कव्हर काढून प्रायमरी गिअरच्या (क्रँकवरून क्लच फिरवणाऱ्या गिअरच्या) टोकाला हेच मोजता येते. त्या बाजूचे सील वाकड्या शाफ्टने झिजले असेल तर इंजिन गिअरबॉक्सचे ऑइल ओढू लागते, धूर वाढतो आणि ऑइलची पातळी कारण नसताना उतरते. या खुणेकडेही लक्ष ठेवा.

रॉडचे किट बदललेल्या इंजिनात माझा पहिला संशय क्रँकवर का असतो, ते सांगतो. हा क्रँक एकसंध नसतो. दोन जाळी आणि त्यांत प्रेसने दाबून बसवलेली पिन, असा तो जोडलेला असतो. रॉड बदलताना जाळी वेगळी होतात आणि पुन्हा दाबताना ती मूळ रेषेत आपोआप येत नाहीत. चांगला लेथवाला ती आधी सरळ पट्टीने आणि मग सेंटरमध्ये धरून, डायल लावून, तांब्याच्या हातोड्याने सेंटरला आणतो. दोष दोन प्रकारांचे असतात. एक जाळे पिनभोवती किंचित फिरलेले असेल, तर दोन्ही शाफ्ट एकमेकांना समांतर पण बाजूला सरकलेले राहतात. अशा वेळी काट्याची कमाल पिनपासून काटकोनात आणि दोन टोकांना विरुद्ध बाजूंना येते. जाळी पिनच्या बाजूला मिटलेली किंवा उघडलेली असतील, तर दोन्ही टोकांची कमाल एकाच बाजूला, पिनच्या रेषेत येते. पहिला दोष जाळ्याच्या कडेवर नेमका टोला देऊन जातो; दुसऱ्यासाठी मिटलेल्या बाजूला पाचर घालावी लागते किंवा उघडलेली बाजू शिकंज्यात दाबावी लागते. मोजताना दोन्ही टोकांच्या कमालीच्या जागा खडूने जाळ्यावर मांडून ठेवल्या, तर लेथवाल्याचे निम्मे काम झालेले असते.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या अनुभवात लेथवाल्याच्या चुकीपेक्षाही जास्त आढळते. क्रँक सेंटर होऊन आलेला असतो, अगदी मिलिमीटरच्या दोन शतांशांत. पण केसमध्ये बसवताना त्याच्या टोकावर हातोडा मारला जातो. बेअरिंग घट्ट असते, टोला शाफ्टमधून जाळ्यात जातो आणि पिनच्या विरुद्ध बाजूला जाळी मिटतात. दोन टोल्यांत कारागिराची तासाभराची मेहनत जाते, आणि दोष मात्र लेथवाल्याच्या नावावर पडतो. योग्य पद्धत अशी, की केस साधारण शंभर अंशांपर्यंत तापवावी, म्हणजे पाण्याचा थेंब टाकताच तो चर्रकन उडून जाईल, इतकी. मग बेअरिंग हाताने आत उतरते. शाफ्ट बेअरिंगमधून पुलरने ओढून घ्यावा, ठोकू नये. दोन्ही केस आवळल्यानंतर, पिस्टन लावण्याआधी, रॉड धरून क्रँक फिरवून पाहावा; तो दोन बोटांनी, कुठेही न अडखळता फिरला पाहिजे. जड वाटला तर बेअरिंगवर बाजूचा दाब आहे. नायलॉनच्या हातोडीने दोन्ही टोकांना अलगद टिचकी दिली की बहुधा तो मोकळा होतो. तुमच्या मिस्त्रींना क्रँक कसा बसवला हे आरोप न करता विचारा. प्रामाणिक उत्तर मिळाले तर बराच शोध वाचेल.

बेअरिंगविषयी एवढेच, की क्रँकसाठी सी-३, म्हणजे साध्यापेक्षा जास्त आतली मोकळीक असलेली बेअरिंग लागतात. साधी बेअरिंग घट्ट बसवल्यावर आणि इंजिन तापल्यावर आतली मोकळीक संपते, आणि ती घूं-घूं असा आवाज व बारीक कंप देऊ लागतात. जुन्या बिलावर किंवा डबीवर क्रमांकापुढे सी-३ आहे का, ते पाहा.

क्रँक सेंटरला असेल आणि थरथर तरीही असेल, तर पिस्टनच्या वजनाचा प्रश्न येतो. वरचेच गणित पुन्हा लावले, तर ६००० फेऱ्यांवर दर १० ग्रॅम वजनामागे सुमारे १० किलोचा जोर येतो. आरएक्सचे उत्पादन थांबून तीन दशके होत आली; बाजारात मिळणारे पिस्टन निरनिराळ्या साच्यांतून येतात, आणि ०.५० ओव्हरसाइझचा पिस्टन मूळ मापापेक्षा काही ग्रॅम जड असणे स्वाभाविक आहे. पण पिस्टनची पिन जाड भिंतीची असेल, तर फरक बराच वाढतो. जुना पिस्टन, पिन, रिंगा, सर्क्लिप टाकून दिले नसतील, तर सोनाराच्या काट्यावर दोन्ही संच तोलून घ्या. पाच ग्रॅमपर्यंतच्या फरकाने तुम्ही वर्णन केलेली थरथर येणार नाही. पंधरा-वीस ग्रॅमचा फरक असेल तर पिस्टन बदला. पिस्टन आतून कोरून हलका करण्याचा सल्ला मी देत नाही, विशेषतः पिनच्या कानांजवळ. तिथे पडलेला तडा सिलिंडरच घेऊन जातो.

पूर्ण क्रँकच बाजारातून नवा घेतला असेल, तर त्याच्या जाळ्यांवरचे वजन मूळ क्रँकइतके आहे की नाही, हे पाहण्याची सोपी रीत आहे. लेव्हल केलेल्या दोन सरळ, धारदार कडांवर क्रँकचे दोन्ही शाफ्ट टेकवा, रॉडच्या वरच्या डोळ्याला हळूहळू वजन लटकवत जा, आणि क्रँक कोणत्याही स्थितीत ठेवला तरी स्थिर राहील ते वजन नोंदवा. त्यात रॉडच्या वरच्या टोकाचे वजन मिळवून एकूण वर-खाली होणाऱ्या वजनाने भागले की किती भाग संतुलित केला आहे, ते कळते. जुना आणि नवा क्रँक शेजारी मांडून ही तुलना केली तर शंकेला जागा राहत नाही. तुम्ही फक्त रॉडचे किट बदललेले आहे, त्यामुळे तुम्हाला इथपर्यंत यावे लागेल असे मला वाटत नाही.

कार्ब्युरेटरचा उल्लेख करून ठेवतो. रनिंग-इनसाठी पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल जास्त घातले असेल आणि मिश्रण जड (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) असेल, तर इंजिन एक फेरा सोडून एक फेरा पेटते. तो धक्क्याधक्क्याचा, थबकत चालणारा कंप असतो आणि ॲक्सिलरेटर थोडा वाढवताच किंवा कमी करताच बदलतो. तुमचा कंप वेगाला बांधलेला आहे, म्हणून मी त्याला मागे ठेवले.

क्रँक पुन्हा सेंटर करायची वेळ आलीच, तर पिन जाळ्यांना वेल्डिंग करून घ्या, असे कोणीतरी सुचवेल. मूळ ताकदीच्या आरएक्सला त्याची गरज नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने जाळे पुन्हा ओढले जाते आणि पुढच्या वेळी रॉड बदलणेही अशक्य होते. पिन जाळ्यात सहज सरकत असेल, म्हणजे प्रेसला जोरच लागत नसेल, तर जाळ्याचे भोक मोठे झाले आहे. तिथे ओव्हरसाइझ पिन किंवा दुसरे जाळे हाच उपाय. सैल पिनचा क्रँक आज सेंटरला आणला, तरी पहिल्या जोरदार क्लच सोडण्याला तो पुन्हा फिरेल.

तेव्हा या रविवारी क्लच दाबून करायची चाचणी आणि माउंटिंगचे बोल्ट एवढेच करा. सोमवारी थरथर तशीच असेल तर डायल गेज उसने आणा आणि मॅग्नेटोच्या टोकाचा आकडा, कमालीच्या जागेसह, कागदावर लिहा; तो ०.०५ मिमीच्या आत असेल तर इंजिन उतरवू नका आणि पिस्टनच्या वजनाकडे वळा. इंजिन पुन्हा चढवावे लागलेच, तर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ते पूर्ण थंड असताना माउंटिंगचे आणि सायलेन्सरचे बोल्ट त्याच क्रमाने पुन्हा टॉर्कला आवळा.